कुठला स्प्रे कुठे मारायचा?

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्या आणि मशिनं आता बाहेर निघू लागली आहेत. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतून या वेळी आलेली बहुतेक पत्रं क्लीनर स्प्रेबद्दलची आहेत. डबे दिसायला सारखे असले तरी आतला माल अगदी वेगळा असतो. म्हणून कुठलाही स्प्रे मारण्याआधी दोन गोष्टी बघा: तो सुकल्यावर मागे काय उरतं, आणि शेजारच्या रबर, प्लास्टिक आणि रंगाला तो काय करतो. खालच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या दोनपैकी एकात आहे.

प्रश्न : माझी 2015 ची 110 सीसी कार्ब्युरेटरवाली स्कूटर जूनपासून इमारतीखाली उभी होती. आता सेल मारला की चालू होते, पण रेस सोडली की बंद पडते. मेकॅनिकने एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडातून क्लीनर मारला. चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : येईल, पण कार्ब्युरेटर उतरवावा लागेल. तोंडातून मारलेला स्प्रे फक्त हवेचा मार्ग आणि थ्रॉटलची (रेस दिल्यावर उघडणारी) चकती धुतो. गाडी स्लोला बंद पडते ती पायलट जेट (स्लोचं पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी) आणि त्याच्या पुढची बारीक भोकं तुंबल्यामुळे, आणि ती घाण वर येते खालच्या फ्लोट बाउलमधून (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतून). बाउल साफ झाला नाही तर चार दिवसांनी तीच घाण पुन्हा जेटमध्ये शिरते.

इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्या हवेत काम करा. बॅटरीची मायनस वायर आधी काढा. बाउलच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा बुडबुड्यासारखे थेंब दिसले तर पाणी शिरलंय. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल एका मर्यादेपुढे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. असं दिसलं तर टाकीतलं पेट्रोलही बदलावं लागेल, नुसता कार्ब्युरेटर धुऊन उपयोग नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्कूटरच्या कार्ब्युरेटरच्या वरच्या टोपीखाली स्प्रिंग आणि पातळ रबरी डायफ्रॅम (पडदा) असतो. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये बहुधा ॲसिटोन, टोल्युइन, झायलिनसारखी द्रावणं असतात. त्यांनी हा डायफ्रॅम फुगतो, मग तो खाचेत बसत नाही आणि गाडी उचल घेत नाही. म्हणून डबा उघडण्याआधी डायफ्रॅम, फ्लोट, फ्लोटची सुई आणि सगळ्या ओ-रिंगा (गोल रबरी कडी) काढून बाजूला ठेवा. ऑटो चोकचा वायर जोडलेला भागही काढा, त्याच्यावर स्प्रे नको.

पायलट स्क्रू (स्लोचं मिश्रण ठरवणारा स्क्रू) काढण्यापूर्वी तो आत फिरवत किती फेऱ्यांत हलकेच टेकतो ते मोजा आणि कागदावर लिहा, उदाहरणार्थ सव्वादोन. जोर लावून आवळला तर टोक वाकतं आणि पुढे सेटिंग कधीच नीट लागत नाही. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वायसर आणि ओ-रिंग निघाली पाहिजे. ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते. ती तशीच राहिली आणि वरून स्प्रे बसला, की ती फुगून तोच मार्ग बंद करते.

मेन जेट आणि पायलट जेट पितळेचे असतात. खाचेच्या रुंदीचाच स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर डोकं झिजून जेट आतच अडकेल. मग प्रत्येक मार्गात नळी टेकवून दोन-तीन सेकंद स्प्रे मारा आणि तो दुसऱ्या टोकातून बाहेर येतो का ते बघा. थ्रॉटलच्या चकतीजवळ दोन-तीन सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत, पायलटच्या मार्गातला स्प्रे तिथून धारेने निघाला पाहिजे. ठिबकत असेल तर दहा मिनिटं भिजू द्या आणि पुन्हा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हीच धार उलटून थेट तोंडावर येते.

जेट उजेडासमोर धरा. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, ते पूर्ण गोल दिसलं पाहिजे. एका बाजूला तपकिरी कोर दिसली तर पुन्हा भिजवा. तार किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक जरा जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त येतं आणि प्लग काळा पडू लागतो. नायलॉनच्या ब्रशचा एखादा केस चालेल. शेवटी हवेने सगळे मार्ग फुंकून, पूर्ण सुकल्यावरच रबरी भाग परत बसवा. बाउलची ओ-रिंग नवी घ्या. पुढच्या वेळी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ड्रेन स्क्रूने बाउल आधीच रिकामा करून ठेवा.

प्रश्न : पुढचा डिस्क ब्रेक करकरत होता, म्हणून गंज सोडवायचा स्प्रे मारला. आवाज गेला, पण ब्रेक लागेनासा झाला. घोडबंदर रोडला रोज ये-जा आहे. डिस्क पुसून घेतली तर चालेल ना?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : गाडी आत्ता चालवू नका. घोडबंदरच्या ट्रेलर-डंपरच्या गर्दीत तर मुळीच नाही. गंज सोडवणारे स्प्रे मागे तेलाचा थर ठेवतात, तेच त्यांचं काम आहे. ब्रेकला नेमकं उलटं हवं असतं, काहीही मागे न उरणारं.

डिस्क धातूची आहे, ती साफ होते. ब्रेक क्लीनर दोन्ही बाजूंना मारा, पांढऱ्या स्वच्छ फडक्याने पुसा, फडक्यावर काळा किंवा तेलकट डाग उमटायचा बंद होईपर्यंत हेच करा. पॅडचं मात्र तसं नाही. बहुतेक पॅडचा माल सच्छिद्र असतो, तेल आत शोषलं जातं. वरून धुतलेला पॅड कोरडा दिसतो, पण दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून गरम झाला की आतलं तेल पुन्हा वर येतं. गॅसवर पॅड भाजून तेल उडवायची पद्धत काही ठिकाणी चालते, तिने पॅडचा माल पत्र्यापासून सुटू शकतो. पॅडची जोडी नवीच घ्या.

ब्रेक क्लीनर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) धातूवर मारा, पिस्टनच्या रबरी कडेवर धार रोखून धरू नका. ही सिलं ज्या रबराची असतात ते ब्रेक ऑइल सोसतं, पण खनिज तेलाने फुगतं. तुमचा आधीचा स्प्रे तिथवर पोचला असेल तर पिस्टन मोकळा मागे जातो का ते गॅरेजमध्ये तपासून घ्या. अडकत असेल तर सील बदलावं लागेल.

करकर मुळात का येत होती हेही बघा. बहुधा कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडलेल्या असतात किंवा पॅडवर चकचकीत थर चढलेला असतो. पिनांना सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. नवे पॅड बसवल्यावर चाक फिरण्याआधी ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर तीसेकच्या वेगातून दहा-पंधरा वेळा हळूहळू वेग कमी करा. तोवर ब्रेक पूर्ण पकडणार नाही.

ड्रम ब्रेक उघडलात तर आतली भुकटी हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. क्लीनरने ओली करून फडक्यावर घ्या.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. वेल्डिंगआधी जॉबवरचं (जोडायच्या धातूवरचं) तेल-ग्रीस काढायला ब्रेक क्लीनर वापरतो, लवकर सुकतो म्हणून. एक जुना वेल्डर याला हरकत घेतो. आणि रिकामे डबे, चिंध्या कुठे द्यायच्या?
— युनिटचालक, रबाळे

उत्तर : तुमच्या वेल्डरचं ऐका. ब्रेक क्लीनर दोन जातींचे असतात, क्लोरिनयुक्त आणि क्लोरिनविरहित. डब्याच्या मागच्या मजकुरात टेट्राक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन किंवा मिथिलीन क्लोराइड असं काही असेल तर तो पहिल्या जातीचा. त्याचा अंश जॉबवर किंवा फटीत राहिला आणि त्यावर आर्क पेटली, तर उष्णतेने आणि अतिनील किरणांनी फॉस्जीन तयार होतो. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू आहे. त्याचा घात असा, की सुरुवातीला नुसता खोकला येतो, मग माणूस ठीक वाटतो आणि फुफ्फुसात पाणी भरायला काही तासांनी सुरुवात होते. वेल्डिंगनंतर कुणाला छाती जड वाटली आणि जॉब अशा क्लीनरने पुसलेला होता, तर वाट न बघता रुग्णालयात न्या आणि क्लीनरचा डबा सोबत न्या.

क्लोरिनविरहित क्लीनरही वेल्डिंगजवळ नको, कारण तो पेटतो. ॲसिटोनने पुसायचं तर वेल्डिंगच्या जागेपासून लांब पुसा, पूर्ण उडू द्या आणि चिंधी व बाटली तिथेच ठेवून जॉब उचलून न्या. पोकळ पाइप, घडीचा पत्रा, एकाच बाजूने उघडं भोक अशा जागी द्रावण अडकतं. तिथे साबणाचं गरम पाणी आणि मग हवा, हेच बरं.

द्रावणांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत आणि खड्ड्यात साठते, म्हणून भिंतीवर उंच लावलेला एक्झॉस्ट फॅन इथे फारसा उपयोगी पडत नाही. दोन्ही बाजूंची शटर्स उघडी ठेवून काम करा. एअर कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या हवा ओढायच्या तोंडाजवळ तर कुठलाही स्प्रे मारू नका, आत दाबाखाली गरम होऊन स्फोट होऊ शकतो. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ॲसिटोन काही मिनिटांतच आत शिरतं. हात ओला लागला की लगेच बदला. डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवा, मगच डॉक्टरकडे.

डब्यांवर 50 अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखालचं वरचं फळकूट आणि उन्हातल्या टेम्पोचा डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतात. डबे खाली, सावलीत ठेवा.

कचऱ्याचं म्हणाल तर 2016 च्या धोकादायक कचरा नियमांत वापरलेलं तेल यादीतल्या 5.1 या नोंदीत आणि तेल-रसायनाने माखलेल्या चिंध्या 33.2 या नोंदीत येतात. घंटागाडीत टाकण्याची ही वस्तू नाही. नोंद ठेवून अधिकृत संकलकाला द्या, या भागातला असा कचरा तळोज्याच्या सामायिक प्रकल्पात जातो. तोवर चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा. रिकामा वाटणारा स्प्रेचा डबा भोसकू नका, जाळू नका, आत वायू उरलेला असतो. आणि धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, कळकळीची विनंती आहे. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातले नाले शेवटी ठाणे खाडीला मिळतात. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेलाचा पातळ तवंगही चिखलातल्या जीवांना मारतो, आणि फ्लेमिंगो त्याच चिखलातून खातात.

प्रश्न : स्प्रेपेक्षा रॉकेल किंवा पेट्रोल स्वस्त पडतं. काय हरकत आहे?
— एक वाचक, कळवा

उत्तर : रॉकेलला हरकत नाही, पेट्रोलला आहे. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला साधारण 38 अंशांच्या वरचं तापमान लागतं, पेट्रोलला शून्याखालीही पुरते. मोटर किंवा बटणाची एक ठिणगी बास आहे. सुट्या केलेल्या गिअर-बेअरिंगवरचं घट्ट ग्रीस रॉकेलमध्ये ब्रशने छान निघतं. फक्त ते मागे तेलकटपणा ठेवतं, म्हणून ब्रेक, क्लच आणि विजेच्या जोडण्यांना ते लावू नका.

प्रश्न : माझी कार 2021 ची पेट्रोल आहे. स्लोला थरथरते. थ्रॉटल बॉडी आणि सेन्सर कार्ब्युरेटर क्लीनरने साफ करू का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : कार्ब्युरेटर क्लीनर नको. काही थ्रॉटल बॉडींना आतून बारीक लेप दिलेला असतो, तो यात निघून जातो आणि मग हवा चकतीच्या कडेने गळते. थ्रॉटल बॉडीसाठी वेगळा क्लीनर मिळतो. चावी काढा, हवेचा पाइप सोडवा, क्लीनर धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घ्या आणि चकतीची कड व भोवतालचं काळं कडं पुसा. थेट फवारलात तर पातळ झालेली काजळी आत वाहते आणि मोटरच्या दांड्याजवळही ओल जाते. चकती मोटरवर चालते, बोटाने जोरात उघडू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. साफ केल्यावर रेस काही वेळ वर राहिली तर घाबरू नका. कंट्रोल युनिटला नवी स्थिती शिकवावी लागते, त्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी आहे आणि काही गाड्यांना स्कॅनर लागतोच.

मास एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर त्यासाठीचाच खास स्प्रे वापरा. आतली तार किंवा पट्टी केसाइतकी नाजूक असते. बोट, ब्रश, कापसाची काडी काहीही लावू नका. थोड्या अंतरावरून दहा-बारा छोटे फवारे मारा आणि अर्धा-पाऊण तास सुकू द्या. बऱ्याच लहान गाड्यांत हा सेन्सर नसतोच, त्याऐवजी मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) असतो, म्हणून आधी मॅन्युअल बघा. सिलिकॉन स्प्रे इनटेकच्या आसपासही नको. त्याची वाफ जळून ऑक्सिजन सेन्सरवर थर बसतो आणि तो कायमचा निकामी होतो.

प्रश्न : सोसायटीचं गवत कापायचं टू-स्ट्रोक मशीन सुरू होत नाही. माळी हवेच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे मारतो, मग होतं. रोज मारला तर चालेल?
— सोसायटीचे सचिव, घणसोली

उत्तर : नाही. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पिस्टन आणि सिलिंडरला मिळणारं तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलंच असतं. स्टार्टिंग स्प्रेमधला ईथर नुसताच जळतो आणि सिलिंडरवरचा तेलाचा पदर धुऊन नेतो. इंजिन पहिल्या काही सेकंदांत कोरडं फिरतं, तिथेच पिस्टनवर उभे ओरखडे पडतात. तपासणीपुरतं सुरू करायचंच असेल तर प्लग काढून अर्धा चमचा तेलमिश्रित पेट्रोल भोकातून घाला.

मूळ दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या पडद्यांत आहे. या मशीनला फ्लोट बाउल नसतो, दोन डायफ्रॅम असतात. झाकणाचे स्क्रू काढा आणि डायफ्रॅम व गॅस्केट कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो घ्या. डायफ्रॅम लुसलुशीत हवा. बोटाने दाबल्यावर कडक वाटला किंवा कुरकुरला तर किट बदला. क्लीनर फक्त उघड्या धातूवर आणि आतल्या बारीक जाळीवर मारा. बाहेरचा पारदर्शक प्रायमर बल्ब (पेट्रोल ओढून घ्यायला दाबतात तो) स्प्रेने तडकतो. सुरू होतं पण जोर नाही, अशी तक्रार असेल तर सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी बघा, ती काजळीने बुजलेली असते. मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतूनच घ्या: 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली ऑइल, 50:1 म्हणजे 20 मिली.

प्रश्न : शिलाई मशीन जड चालत होतं, म्हणून गंजाचा स्प्रे मारला. त्या दिवशी लोण्यासारखं चाललं, महिन्याभरात पार जाम झालं.
— शिवणकाम करणाऱ्या वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, स्प्रेने जुनं वाळलेलं तेल विरघळवलं, म्हणून ते हलकं झालं. पण त्यातला पातळ भाग काही दिवसांत उडून गेला आणि विरघळलेला चिकटा कापडाच्या लवीत मिसळून घट्ट लगदा झाला. साफ करणं आणि तेल देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

विजेचा प्लग काढा. सुई, पाय आणि सुईखालची पाटी काढा, बॉबिन केस बाहेर घ्या. आधी कोरड्या ब्रशने लव काढा, ओलं करण्याआधीच, नाहीतर ती आणखी आत दडपते. शटलजवळ आणि कापड सरकवणाऱ्या दातांच्या मधे नमद्यासारखी घट्ट पट्टी बसलेली असते, ती चिमट्याने उचला. मग जाम झालेल्या सांध्यांवर रॉकेलचे दोन-दोन थेंब टाका, चाक हाताने पाच मिनिटं फिरवा, बाहेर आलेलं तपकिरी पाणी पुसा. चाक मोकळं फिरेपर्यंत हे करा. रात्रभर सुकू द्या आणि सकाळी प्रत्येक भोकात शिलाई मशीनचं तेल एकेकच थेंब. रद्दी कापडावर दोन-चार टाके मारून बघा, डाग येत नसेल तर काम सुरू करा. पट्ट्यावर आणि मोटरवर कुठलाही स्प्रे किंवा तेल नको.

प्रश्न : खाडीजवळ राहतो. बाइकच्या वायरच्या जोडण्या सारख्या हिरव्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर पुरेल का?
— एक वाचक, विटावा

उत्तर : ओल, तेल आणि हलका काळेपणा तो काढतो. जाड हिरवा थर काढत नाही. बॅटरीची मायनस वायर काढा, जोडणी सोडवा, थर नायलॉनच्या ब्रशने खरवडा, मग प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा मिनिटं सुकवा. वायर कापून बघा, आतली तांब्याची तारही काळी पडली असेल तर चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापून नवं टर्मिनल दाबून लावा. कॉन्टॅक्ट क्लीनर मागे काहीच ठेवत नाही, म्हणजे संरक्षणही ठेवत नाही. खारी हवा पुन्हा शिरू नये म्हणून जोडणी बंद करताना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा.

प्रश्न : मोटरसायकलची चेन कार्ब्युरेटर क्लीनरने एका मिनिटात चकाचक होते. रोज वापरू का?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : एकदाही नको. चेनच्या कड्यांमध्ये बारीक रबरी ओ-रिंगा असतील तर त्या फुगून तुटतात आणि आत कारखान्यातच भरलेलं ग्रीस निघून जातं. ते बाहेरून परत भरता येत नाही. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवा. पुसून सुकल्यावर चेन ल्यूब आतल्या बाजूने, खालच्या पट्ट्यावर मारा, म्हणजे चेन फिरताना ते बाहेरच्या दिशेने पसरतं. हे शक्यतो रात्री करा. सकाळी गाडी काढण्याआधी मागच्या टायरवर ल्यूब उडालंय का ते बघा आणि उडालं असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन काढा.